डोटा 2 मधलं जंगल: बरेच महिने खेळल्यावर

गेले बरेच महिने डोटा 2 हा पाच-पाच खेळाडूंच्या दोन टीमचा कॉम्प्युटर गेम खेळताना मी एकाच गोष्टीच्या मागे लागलो आहे: जंगल. म्हणजे लेनांच्या (दोन्ही टीमच्या तळांना जोडणाऱ्या वाटांच्या) मधला भाग, जिथल्या कॅम्पमधले क्रीप (जनावरं) मारून सोनं मिळतं. कधी कॅरी (सोनं जमवून पुढे मॅच जिंकून देणारा) घेऊन, कधी चार नंबरचा सपोर्ट (बाकीच्यांना मदत करणारा) घेऊन. मॅच जिंकली काय किंवा हरली काय, नंतर रिप्ले उघडून मी एवढंच बघतो की कुठल्या मिनिटाला मी कुठल्या कॅम्पवर होतो आणि त्याच वेळी लेनमध्ये काय चाललं होतं. त्यातून जे मत बनलंय ते इथे सविस्तर लिहितोय. आकडे मुद्दाम कमी ठेवलेत, कारण प्रत्येक पॅचला (खेळातल्या बदलाला) ते हलतात. पद्धत मात्र टिकते.

नवीन खेळणारे बहुतेक वेळा एकच विचारतात: जंगल मारायला कुठला हिरो (खेळाडू चालवतो ते पात्र) चांगला? खरं तर आयटम (सोन्याने घेतलेल्या वस्तू) हातात आले की जवळजवळ प्रत्येक हिरो जंगल मारतो. विचारायला हवं ते हे, की या हिरोला कुठला कॅम्प परवडतो, कितव्या मिनिटापासून परवडतो, आणि तो तिथे असताना त्याची किंमत टीममधलं कोण मोजतंय. या तिसऱ्या प्रश्नाकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात.

एके काळी जंगलर ही स्वतंत्र भूमिकाच होती. 2011 साली पहिली इंटरनॅशनल ही डोटा 2 ची मोठी स्पर्धा नावी टीमने जिंकली, त्या काळात त्यांचा खेळाडू पपी चेन, एन्चँट्रेस असे हिरो घेऊन पहिल्या मिनिटापासून जंगलात जायचा आणि तिथलीच फौज घेऊन बाहेर पडायचा. ते बघून कितीतरी लोकांनी जंगल उचललं. पण त्याच्या जंगलात जाण्यामागे बाकीच्या चौघांची आखणी असायची, हे तेव्हा फारसं कुणी बघितलं नाही. आज पब्लिक मॅचमध्ये कुणी लेव्हल एकला लीजन कमांडर घेऊन जंगलात घुसला, तर त्याच्या लेनमधला जोडीदार दोघांसमोर एकटा पडतो. लीजनचं ‘मोमेंट ऑफ करेज’ मार खाताखाता उलटा वार करून रक्त परत मिळवतं, त्यामुळे ती जंगलात मरत नाही हे खरंय. पण तिचा सगळा खेळ ‘ड्युएल’ जिंकून कायमचं डॅमेज वाढवण्यावर उभा आहे. ब्लिंक डॅगर (क्षणात दुसरीकडे पोचवणारा आयटम) घेऊन ती बाहेर येते तोवर समोरचा कॅरी लेनमध्ये फुकट मोठा झालेला असतो, आणि मग ड्युएल कुणाशी करायचं? माझ्या मते लेव्हल एकपासूनचं जंगल आता सोडून द्यावं. पहिली काही मिनिटं लेनच, आणि जंगल लेनला जोडून.

आता घड्याळ. कॅम्पमध्ये पहिले क्रीप एक मिनिटाला येतात, आणि त्यानंतर प्रत्येक मिनिटाच्या शून्य सेकंदाला खेळ बघतो की कॅम्पची चौकट रिकामी आहे का. रिकामी असेल तर नवे क्रीप. चौकटीत कुणीही उभं असेल, हिरो असो की वॉर्ड (टेहळणीसाठी रोवलेली वस्तू), तर त्या मिनिटाला तिथे काही येत नाही. जंगलाचं निम्मं गणित या एका नियमात आहे. ऑल्ट दाबून धरलं की ती चौकट नकाशावर दिसते, ही सोय कितीतरी जणांना माहीतच नसते.

स्टॅकिंग, म्हणजे एकाच कॅम्पमध्ये क्रीपांचे अनेक कळप साठवणं, याच नियमातून येतं. एन्शंट कॅम्पजवळ (सगळ्यात दणकट क्रीपांच्या) उभं राहायचं, घड्याळात 53 किंवा 54 सेकंद झाले की एका क्रीपला एकच फटका मारायचा आणि लगेच पाठ फिरवून सरळ रेषेत चालू लागायचं. पूर्ण कळप मागे येतो. सगळ्यात मागचा क्रीप चौकटीबाहेर पडला पाहिजे, नेमका शून्य सेकंदाला. हा मागचा क्रीपच घात करतो: तो हळू असतो, किंवा झाडाला अडतो, आणि त्याचा पाय आत राहिला की मिनिट वाया गेलं. म्हणून फटका पुढच्या क्रीपला न मारता मागच्याला मारता आला तर बघा, तो आधी निघतो. प्रत्येक कॅम्पची वेळ एक-दोन सेकंदांनी वेगळी असते. रिकाम्या लॉबीत एकट्याने सराव केला की ती हातात बसते, आणि माझ्या मते या खेळात सरावाचा इतका थेट मोबदला दुसऱ्या कशातच मिळत नाही. तुम्ही स्टॅक केलेला कॅम्प दुसऱ्याने मारला तरी सोन्याचा काही वाटा तुम्हाला मिळतो, त्यामुळे सपोर्टनेही हे काम आनंदाने करावं.

हिरोंकडे येतो. सगळ्यात आधी अ‍ॅक्स आणि उर्सा, कारण या दोघांना शेजारी ठेवलं की बाकीचं आपोआप समजतं.

अ‍ॅक्सचं ‘काउंटर हेलिक्स’ तो मार खातो तेव्हा फिरतं. जितके जास्त क्रीप त्याला मारतील तितकं ते जास्त वेळा फिरणार आणि आजूबाजूच्या सगळ्यांना लागणार. म्हणजे अ‍ॅक्सला हवा तो गर्दीचा कॅम्प: कोबोल्ड, लांडगे, ट्रोल. म्हणूनच शत्रूची क्रीपची लाट (लेनमधून चालत येणारी टोळी) टॉवरच्या मागे अडवून अंगावर घेणं त्याला कॅम्पपेक्षाही फायद्याचं पडतं. उर्साचं बरोबर उलटं. त्याचं ‘फ्युरी स्वाइप्स’ एकाच शत्रूवर प्रत्येक फटक्यागणिक वाढत जातं. पाच लहान क्रीप असतील तर प्रत्येकावर मोजणी नव्याने सुरू. एकच जाडजूड क्रीप असेल तर चौथ्या-पाचव्या फटक्यानंतर तो वितळतो. रोशन या बलाढ्य राक्षसाला मारायचं म्हटलं की उर्साचं नाव पुढे येतं ते याचमुळे. आता एकाच टीममध्ये हे दोघं असतील आणि अ‍ॅक्सने एक-दोन मोठ्या क्रीपांचा कॅम्प उचलला, तर दोघांचंही नुकसान. असं मी बऱ्याच मॅचमध्ये बघितलंय.

लाइफस्टीलर उर्साच्या जवळचा. त्याचं ‘फीस्ट’ समोरच्याच्या एकूण रक्ताच्या प्रमाणात त्याला रक्त देतं, त्यामुळे मोठा क्रीप म्हणजे त्याच्यासाठी औषधच. लेनमध्ये मार खाल्ला की तळावर परत जाण्याऐवजी जवळच्या मोठ्या कॅम्पवर जा आणि भरून परत या. लहान कॅम्पवर तो तेवढा भरत नाही.

अँटी-मेजबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तो मी सर्वाधिक खेळलो आणि त्याचं जंगल लोक चुकीच्या वेळी सुरू करतात. बॅटल फ्युरी (फटका आजूबाजूच्यांनाही लावणारा आयटम) येण्याआधी त्याचा फटका एकालाच लागतो. क्वेलिंग ब्लेड (क्रीपवरचा मार वाढवणारा आयटम) असला तरी एका कॅम्पला इतका वेळ जातो की तेवढ्यात लेनची लाट निघून जाते. तेव्हा लेन सोडू नये. लाट घ्यावी, शेजारचा एक कॅम्प घ्यावा, परत यावं. बॅटल फ्युरी आली की सगळंच बदलतं. लाट दोन-तीन फटक्यांत संपते, ‘ब्लिंक’ने झाडं ओलांडून थेट पुढच्या कॅम्पवर, तिथून पुढच्या, आणि पुढची लाट येईपर्यंत परत लेनमध्ये. एका मिनिटात एक लाट आणि दोन-तीन कॅम्प ही लय बसली पाहिजे. जाताना मॅनाही (शक्ती वापरायला लागणारी ऊर्जा) बघावा, कारण नुसता फार्मसाठी (क्रीप मारून सोनं मिळवायला) मारलेला ब्लिंक पळायच्या वेळी आठवतो. आणि एक गोष्ट ठाम सांगतो: शत्रूचे पाचही हिरो नकाशावर दिसत नसतील तर लांबच्या लेनची ती एक लाट सोडून द्या आणि आपल्या जंगलाच्या आतल्या बाजूला या. एक लाट गेल्याने काही बिघडत नाही. कॅरी मेला की पुढची सगळी लय मोडते.

ल्यूना, मेड्युसा आणि स्वेन हे तिघं स्टॅकवर जगतात. ल्यूनाचं ‘मून ग्लेव्ह्ज’ एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारत जातं, मेड्युसाचा ‘स्प्लिट शॉट’ एकाच वेळी अनेकांना लागतो. एकेरी कॅम्पवर त्यांचा वेळ वाया जातो, तीनदा स्टॅक केलेल्या एन्शंट कॅम्पवर मात्र दोन मिनिटांत आयटम तयार होतो. ल्यूनाने क्रीप एकमेकांना चिकटून उभे राहतील अशी जागा घ्यावी, नाहीतर ग्लेव्हच्या उड्या फुकट जातात. स्वेनचं ‘ग्रेट क्लीव्ह’ समोर पसरतं, म्हणून त्याने स्वतः बाजूला सरकून सगळे क्रीप एका फटक्याच्या मागे येतील अशी मांडणी करावी. एक पाऊल इकडे-तिकडे झालं तरी कॅम्प संपायला लागणाऱ्या वेळेत फरक दिसतो. स्वेन स्टॅकवर ‘गॉड्स स्ट्रेंग्थ’ (काही वेळ डॅमेज वाढवणारी शक्ती) वापरत असेल तर टीमने ती संपेपर्यंत भांडण उकरून काढू नये. चॅटमध्ये एक शब्द लिहून टाकावा, फार फरक पडतो.

नागा सायरन एका वेळी तीन ठिकाणी असते. एक छाया (तिची नक्कल) लाटेवर, एक कॅम्पवर, स्वतः तिसरीकडे. यात हात चालायला हवा, शिवाय मिनिमॅपवर सतत डोळा.

नेचर्स प्रॉफेटला मी जंगलाचा हिरो म्हणणार नाही, जरी त्याचे ट्रीअंट (त्याने उभी केलेली चालती झाडं) पहिल्या लेव्हलपासून कॅम्प मारू शकतात. त्याच्याकडे ‘टेलिपोर्टेशन’ आहे. अख्ख्या नकाशावर कुठेही जाऊ शकणारा हिरो कॅम्पवर बसून राहिला तर त्याची खरी ताकद वाया गेली. ट्रीअंट कॅम्पवर सोडा, स्वतः रिकाम्या लेनवर जा, लाट ढकला, शत्रू यायच्या आत निघा. जंगल हे त्याचं मधल्या वेळेचं काम.

एनिग्माचं वेगळं आहे. त्याचे आयडोलॉन (त्याने बोलावलेले छोटे साथीदार) मार खातात आणि तो मागे सुरक्षित उभा राहतो, म्हणून जंगल त्याला पूर्वीपासून मानवतं. पण ‘ब्लॅक होल’ (शत्रूंना ओढून धरणारी त्याची शक्ती) टाकायला ब्लिंक लागतो, आणि ब्लिंक लवकर यावा एवढंच त्याच्या जंगलाचं काम. ब्लिंक आल्यावरही जो एनिग्मा कॅम्प मारत राहतो त्याच्यावर मला खरंच राग येतो. तेच आयडोलॉन टॉवरवर घेऊन गेलात तर शत्रूला यावंच लागतं.

नकाशाबद्दल थोडं. एप्रिल 2023 च्या 7.33 पॅचमध्ये नकाशा सुमारे 40 टक्क्यांनी मोठा झाला, टॉरमेंटर हे नवे राक्षस आले, लांबच्या कोपऱ्यांना जोडणारे गेट आले. याचा परिणाम असा की दोन कॅरी एकाच जंगलात एकमेकांच्या पायात येणं बरंच कमी झालं, पण एकट्याने लांब फार्म करणाऱ्याला मदत पोचायलाही जास्त वेळ लागायला लागला. 2019 मध्ये आलेले न्यूट्रल आयटम (विकत न घेता जंगलातून मिळणारे) आधी क्रीपमधून थेट पडायचे. 2025 च्या फेब्रुवारीतल्या 7.38 पासून कॅम्प मारून मॅडस्टोन गोळा करायचे आणि त्यातून आयटम बनवायचा, अशी पद्धत आली. मला ही आवडली. नशिबाचा भाग कमी झाला, आणि सपोर्टलाही एखादा कॅम्प मारण्याचं रास्त कारण मिळालं. कॅरीने त्यावर चिडू नये.

काय आवडत नाही तेही सांगतो. शत्रूने आपल्या कॅम्पच्या चौकटीत वॉर्ड टाकून तो बंद केला की खेळ काहीच सांगत नाही. मिनिट उलटतं, कॅम्प रिकामाच. नव्या खेळाडूला वाटतं क्रीप अजून यायचेत. लेनजवळचा कॅम्प शून्य सेकंदाला रिकामा दिसला की ताबडतोब सेंट्री (लपलेले वॉर्ड दाखवणारा वॉर्ड) टाकून बघा, वाट बघू नका. दुसरं म्हणजे मोठ्या पॅचमध्ये कॅम्पच्या जागा आणि चौकटी हलतात, आणि हाताला बसलेली स्टॅकची वेळ पुन्हा शिकावी लागते. जुने व्हिडिओ बघून शिकत असाल तर तारीख आधी बघा.

शिकायला सुरुवात कुठून करावी? माझं स्पष्ट मत: आधी ल्यूना, कारण स्टॅकचा फायदा ती लगेच दाखवते. मग अ‍ॅक्स, कारण क्रीप अंगावर कसे घ्यायचे ते कळतं. अँटी-मेज त्यानंतर. चेन सगळ्यात शेवटी.

सध्या मी त्या शेवटच्यावरच आहे. चेनचं ‘होली पर्सुएशन’ क्रीपला आपल्या बाजूला आणतं, आणि कुठला क्रीप घ्यायचा यावर लेनचं भवितव्य ठरतं. सेंटॉर कॉन्करर मिळाला तर त्याचा ‘वॉर स्टॉम्प’ सगळ्यांना जागीच थांबवतो, हेलबेअर स्मॅशर मिळाला तर टाळी वाजवून त्यांना मंद करतो. पळणाऱ्याला धरायचं असेल तर डार्क ट्रोल समनरचं जाळं. ज्या लेनमध्ये आपल्या जोडीदाराकडे स्टन (शत्रूला जागीच थांबवणारी शक्ती) नाही तिथे मी सेंटॉर शोधतो, जिथे आहे तिथे हेलबेअर चालतो. आणि चेन जंगलात असतानाही लेनला वाऱ्यावर सोडत नाही, कारण त्याचा ‘हँड ऑफ गॉड’ नकाशावरच्या सगळ्या साथीदारांना एकदम रक्त देतो. जुन्या जंगलरांपैकी हा एकच मला आजही पटतो.

त्याच्यासाठी एक व्यावहारिक सूचना: सगळे क्रीप एकाच कंट्रोल ग्रुपमध्ये (कीबोर्डच्या एका आकड्यावर निवडता येणाऱ्या गटात) ठेवू नका. स्टन असलेला क्रीप 2 वर, बाकीचे 3 वर, चेन 1 वर. सगळे एकत्र असतील तर सेंटॉर बाकीच्यांबरोबर पुढे पळतो आणि स्टॉम्पच्या आधीच मरतो. वेगळा ठेवला की बाकीचे मार खातात, सेंटॉर बाजूने येतो आणि पाय नेमका शत्रूच्या मधोमध आपटतो. आणि 53 सेकंद झाले की यातलाच एक फुकट बसलेला क्रीप शेजारच्या कॅम्पवर पाठवा. स्टॅक तो करेल, तुम्ही लेनमध्येच राहा.