दुबईत अडकलेल्या मुलाच्या सुटकेसाठी ‘मंत्रालयातून’ आलेला फोन

परदेशात नोकरी लावून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या दलालांविषयी वर्तमानपत्रांत बरेच छापून येते, आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही त्याची उदाहरणे गावोगाव सापडतात. हा मजकूर मुख्यतः त्या दलालांविषयी नाही. दलालाने फसवलेल्या कुटुंबाला त्यानंतर गाठणारी एक दुसरी जात आहे. ती परराष्ट्र मंत्रालयाचे किंवा दूतावासाचे नाव सांगते, मुलाला सोडवून आणतो म्हणते आणि उरलेसुरले घेऊन जाते. माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी २०२४ मध्ये हे दोन्ही प्रकार एकापाठोपाठ घडले. पहिल्यापेक्षा दुसऱ्याची माहिती लोकांना कमी असल्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रकार थोडक्यात सांगतो. माझा भाचा दहावीनंतर आयटीआयमधून वेल्डर होऊन बाहेर पडला होता. तालुक्याच्या बसस्थानकाजवळ ‘टूर्स अँड ट्रॅव्हल्स’ची पाटी लावलेल्या एका गाळ्यातून त्याला दुबईतील वेल्डरच्या कामाची हमी मिळाली आणि त्यासाठी कापसाचे आलेले पैसे व पतसंस्थेत सोने गहाण ठेवून काढलेले कर्ज मिळून सव्वा लाख रुपये मोजले गेले. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशातील नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतील प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स यांच्याकडे नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. या गाळ्याकडे नोंदणी नव्हतीच. त्याचा युक्तिवाद असा होता की, मुलगा दहावी पास असल्यामुळे त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी (उत्प्रवासन मंजुरी) हवी असल्याचा शिक्का नाही, म्हणून सरकारी मंजुरीची भानगडच नाही. यातले अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते घातक आहे. दहावी उत्तीर्ण व्यक्तीला आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवासन मंजुरी घ्यावी लागत नाही, हे बरोबर. परंतु त्यामुळे भरती करणाऱ्याची नोंदणी माफ होत नाही. उलट मंजुरीच्या निमित्ताने करारनामा, मालकाची माहिती आणि विमा यांची जी तपासणी झाली असती, तीच या शिकलेल्या मुलांच्या वाट्याला येत नाही. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी सर्वांना पाहता येते, आणि तीत नाव नसले तर पुढचे बोलणे तिथेच थांबवावे.

मुलगा मे महिन्यात भेट व्हिसावर दुबईला पोहोचला. संयुक्त अरब अमिरातीत भेट व्हिसावर काम करणे बेकायदेशीर आहे, हे त्याला तिथे गेल्यावर समजले. ज्या माणसाने विमानतळावरून नेले त्यानेच पासपोर्ट ठेवून घेतला. कामगारांना असा पासपोर्ट काढून घेणे तिथल्या कायद्यातही बसत नाही. पण सोनापूरच्या कामगार वस्तीत एका खोलीत अनेक जणांसोबत राहणाऱ्या, स्वतःच बेकायदा ठरलेल्या मुलाने ते सांगायचे कोणाला? वेल्डिंगऐवजी ओझी उचलण्याचे काम मिळाले, पगार मिळाला नाही आणि जुलैत व्हिसाची मुदत संपली. त्यानंतर प्रत्येक दिवसाला ५० दिरहॅम (तिथले चलन) याप्रमाणे दंड चढू लागला.

दुसऱ्या फसवणुकीची वाट इथून उघडली. गावातील काही तरुणांनी चांगल्या हेतूने एक आवाहन तयार केले. त्यात भाच्याचे छायाचित्र, पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो, तो कुठे अडकला आहे याचा तपशील आणि संपर्कासाठी बहिणीचा मोबाईल क्रमांक, असे सर्व काही होते. हे आवाहन ग्रामपंचायतीच्या, बचत गटाच्या आणि पक्ष कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत फिरत कुठवर गेले याचा हिशेब कोणालाच नाही. फसवणाऱ्याला जे शोधून काढावे लागले असते ते आपण त्याला एका चौकटीत मांडून दिले होते. शिवाय ही आई घाबरलेली आहे, हेही त्याला त्यातूनच कळले.

सप्टेंबरच्या अखेरीस बहिणीला फोन आला. बोलणारा शुद्ध हिंदीत, सावकाश आणि आदराने बोलत होता, ‘माताजी’ म्हणत होता, आणि आपण दिल्लीहून परराष्ट्र मंत्रालयाच्या कॉन्सुलर विभागातून, म्हणजे परदेशातील भारतीयांच्या अडचणी पाहणाऱ्या विभागातून, बोलत असल्याचे सांगत होता. व्हॉट्सॲपवर त्याच्या नावापुढे अशोकस्तंभाचे चित्र होते. पुरावा म्हणून त्याने मुलाचा पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख स्वतःहून वाचून दाखवली. पुढे हा सगळा प्रकार मला कळला तेव्हा बहीण एवढेच म्हणाली, “भाऊ, माह्या लेकराचा पासपोर्ट लंबर त्यानंच सांगतला, मंग तो सरकारचा नाही तर कोनाचा?” त्या प्रश्नाला त्या क्षणी काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही, कारण ज्या बाईने आयुष्यात तहसील कार्यालयापलीकडचे सरकार पाहिलेले नाही तिच्या दृष्टीने तो तर्क बिनचूक होता.

पैसे तीन टप्प्यांत मागितले गेले. प्रथम ‘फाईल उघडण्याचे शुल्क’ म्हणून ४,८०० रुपये. मग दंड आणि ‘एक्झिट परमिट’ (देश सोडण्याचा परवाना) यांसाठी ३८,००० रुपये. आणि शेवटी ‘विशेष विमानातील जागे’साठी २१,५०० रुपये. ही शेवटची मागणी फार विचारपूर्वक रचलेली होती. २०२२ मध्ये युक्रेनमधून ‘ऑपरेशन गंगा’खाली विद्यार्थी आणले गेले, २०२३ मध्ये सुदानमधून ‘ऑपरेशन कावेरी’खाली लोक आणले गेले, ही दृश्ये दूरचित्रवाणीवर सर्वांनी पाहिली होती, तसेच विमान आता दुबईहून निघणार असून त्यात थोड्याच जागा आहेत, असे त्याने सांगितले. बहिणीने बचत गटातून आणि सोयाबीनच्या सोंगणीसाठी ठेवलेल्या रकमेतून हे पैसे यूपीआयने पाठवले. प्रत्येक वेळी तिला सरकारी बोधचिन्ह व गोल शिक्का असलेले पत्र पीडीएफ स्वरूपात मिळाले. पैसे मात्र एका खासगी व्यक्तीच्या नावाच्या खात्यात गेले आणि पत्रावरचा ईमेल पत्ता जीमेलचा होता.

या तिन्ही मागण्या वस्तुस्थितीशी ताडून पाहणे उपयोगाचे आहे, कारण असा फोन दुसऱ्या कोणाला आला तर शब्द हेच असतील. परदेशातील भारतीयाची तक्रार नोंदवण्यासाठी मंत्रालयाने २०१५ मध्ये ‘मदद’ हे पोर्टल सुरू केले असून त्यावर तक्रार नोंदवण्यास कोणतेही शुल्क नाही. नातेवाइकाला गावातूनही ती नोंदवता येते आणि ती संबंधित दूतावासाकडे जाते. म्हणजे ‘फाईल उघडण्याचे’ ४,८०० रुपये हवेतले होते. दंडाची गोष्ट तर आणखी संतापजनक आहे. संयुक्त अरब अमिरातीने १ सप्टेंबर २०२४ पासून व्हिसाची मुदत उलटून गेलेल्यांसाठी माफी योजना लागू केली होती, ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली, आणि तिच्यात साचलेला दंड माफ करून, पुन्हा येण्यावर बंदी न घालता देश सोडण्याची सोय होती. ज्या दिवशी बहिणीने दंडापोटी हजारो रुपये पाठवले, त्या दिवशी तो दंड तिथले सरकारच घेत नव्हते.

विशेष विमानाचेही तसेच. युद्ध किंवा यादवी पेटली, नियमित विमानसेवा बंद पडली, तर सरकार सामूहिक सुटका करते. १९९० मध्ये कुवेतमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीय अशाच रीतीने आणले गेले. दुबईहून रोज विमाने सुटत असताना मुदत संपलेल्या व्हिसावर अडकलेल्या एका वेल्डरसाठी कोणी विशेष विमान पाठवत नाही, आणि पाठवण्याची गरजही नसते. करोनाकाळातील ‘वंदे भारत’ अभियानात प्रवाशांनी तिकिटाचे पैसे भरले हे खरे आहे, पण ते विमान कंपनीच्या तिकिटाचे होते, आणि नोंदणी दूतावासाकडे होत होती. कोणा अधिकाऱ्याच्या मोबाईलवर पैसे पाठवायचे नव्हते.

मला हे सर्व कळल्यावर प्रथम ‘मदद’वर तक्रार नोंदवली. आमच्यापुढे आलेला अर्ज इंग्रजीत होता, त्यामुळे तालुक्याच्या ऑनलाइन सेंटरवर एका शिकलेल्या मुलाला शेजारी बसवून तो भरावा लागला. ग्रामीण भागातल्या कुटुंबाची पहिली अडचण इथेच येते आणि ती सोडवणे मंत्रालयाला अशक्य नाही, असे माझे मत आहे. त्यानंतर मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राच्या १८०० ११ ३०९० या निःशुल्क क्रमांकावर बोललो. तेथून दुबईतील केंद्राचा ८०० ४६३४२ हा क्रमांक मिळाला, जो मुलाला तिथून फुकट लावता येत होता. खरे तर सर्वांत आधी हा क्रमांक मुलाच्या हाती पडायला हवा होता, कारण दुबईतील आपले महावाणिज्य दूतावास त्याच्याच शहरात होते आणि आम्ही सारे मात्र दिल्लीच्या नावाने आलेल्या फोनकडे डोळे लावून बसलो होतो.

माफी योजनेसाठी महावाणिज्य दूतावासाने मदत कक्ष उघडले होते. पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात असल्यामुळे मुलाला ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ घ्यावे लागले. तिकडचे लोक यालाच आउटपास म्हणतात. हा भारतात परत येण्यापुरता एकेरी प्रवासाचा दाखला असतो आणि नागरिकत्वाची खात्री झाल्यावर दूतावासाकडून मिळतो. तो हातात आल्यावर तिथल्या इमिग्रेशन खात्याकडून देश सोडण्याचा परवाना मिळाला. या सर्व ठिकाणी अर्जदाराला स्वतः उभे राहावे लागते. घरबसल्या कोणी दुसऱ्याने त्याच्या वतीने ‘एक्झिट’ काढून देण्याचा मार्गच आम्हाला कुठे दिसला नाही. तिकिटाचे पैसे आम्ही पाठवले. दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी असतो आणि अगदी निराधार अडकलेल्यांना त्यातून निवास, कायदेशीर साह्य किंवा परतीचे तिकीट मिळू शकते. परंतु ते परिस्थिती पाहून ठरते, हक्काने मागण्यासारखे नसते.

दूतावासाच्या कामाची मर्यादाही लोकांना आधी समजलेली बरी. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार कॉन्सुलर अधिकाऱ्याला आपल्या नागरिकाला भेटता येते, त्याला कागदपत्रे देता येतात, मालकाशी किंवा तिथल्या यंत्रणेशी त्याच्या बाजूने बोलता येते. परक्या देशाचा कायदा बाजूला सारणे, मालकाकडून पगार जबरदस्तीने वसूल करणे किंवा पोलिसांत गुन्हा दाखल असलेल्याला विमानात बसवून देणे त्याच्या हातात नसते. खरा अधिकारी म्हणूनच फोनवर काहीसा कोरडा वाटतो, ‘अर्ज आला आहे, पाहतो’ एवढेच म्हणतो, कागद मागतो. ‘परवा तुमचा मुलगा घरी’ असे छातीठोकपणे सांगणारा फक्त ठगच असतो, आणि दुःखात असलेल्या माणसाला तोच जास्त सरकारी वाटतो, ही या प्रकरणातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे.

भाचा नोव्हेंबरमध्ये परत आला. पैशांचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार केली तेव्हा पहिल्या दोन रकमा खात्यातून पुढे निघून गेल्या होत्या. तिसऱ्या रकमेपैकी काही भाग बँकेने गोठवला आणि तो न्यायालयाच्या आदेशानंतर मिळेल असे सांगण्यात आले. म्हणजे हा फोन पहिल्या तासांत झाला असता तर अधिक वाचले असते. तक्रारीसोबत व्यवहाराचे क्रमांक, संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि ती खोटी पत्रे द्यावी लागली. बहिणीने लाजेपोटी काही संदेश पुसून टाकले होते, त्यांची उणीव जाणवली. दलालाविरुद्धची तक्रार पोलीस ठाण्यात स्वतंत्रपणे दिली आणि ‘ई-मायग्रेट’वरही नोंदवली. त्याला बरीचशी रक्कम रोखीने दिलेली होती आणि पावतीवर ‘सहल शुल्क’ असे लिहिलेले होते, त्यामुळे हे भरतीचेच पैसे होते हे दाखवताना मुलाला आलेले त्याचे आवाजी संदेश उपयोगी पडले. गाळ्याची पाटी आता उतरली आहे, माणूस मात्र तालुक्यातच फिरतो असे कळते.

मुलगा घरी आल्यावर आम्ही त्या सर्व गटांत जाऊन आवाहन काढून टाकण्याची विनंती केली. ते पूर्णपणे पुसले गेलेले नाही. जानेवारीत बहिणीला पुन्हा एक फोन आला. या वेळचा माणूस आपण सायबर विभागातून बोलतो असे म्हणत होता, तिला ६४,३०० रुपये हा एकूण आकडाही माहीत होता, आणि ती रक्कम परत मिळवून देण्यासाठी त्याला आधी २,९९९ रुपये प्रक्रिया शुल्क हवे होते.