डिजिटॅक्ट घ्यायचं की टीआर-८एस? माझं मत

ड्रम मशीन घेताना लोक आधी आवाज ऐकतात, पण मी म्हणेन आधी सिक्वेन्सर, म्हणजे कुठला ठोका कधी वाजायचा ते ठरवणारा भाग, बघा, कारण रोज हात तिथेच चालणारे. एलेक्ट्रॉनचं डिजिटॅक्ट, २०१७चं पहिलं मॉडेल, या बाबतीत लय भारी आहे. ८ ऑडिओ ट्रॅक, ८ मिडी ट्रॅक (बाहेरची वाद्यं चालवायला), ६४ स्टेप (ठोक्यांची घरं), आणि खरी मजा पॅरामीटर लॉकमध्ये, म्हणजे स्टेपचं बटण दाबून धरायचं आणि नॉब फिरवायचा की फक्त त्याच ठोक्याचा पिच, फिल्टर, अगदी सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाजसुद्धा बदलतो! मग ट्रिग कंडिशन, एखादा ठोका दर दुसऱ्या फेरीलाच वाजव किंवा ५० टक्के वेळाच वाजव असं सांगता येतं, त्यामुळे छोटासा लूपसुद्धा कंटाळवाणा होत नाही. ट्रॅकची लांबी वेगवेगळी ठेवता येते, मी किक (मोठ्या ड्रमचा ठोका) १६ला ठेवून ढोलकीचा सॅम्पल ७ स्टेपवर सोडतो, काय घुमतं ते!

आता कमी काय, तर सॅम्पल मोनो आणि प्रोजेक्टला ६४ एमबीच. २०२४च्या डिजिटॅक्ट २ मध्ये १६ ट्रॅक, स्टिरिओ आणि १२८ स्टेप आहेत, बजेट असेल तर सरळ तेच घ्या.

रोलँडचं टीआर-८एस वाईट अजिबात नाही हां, रोलँडच्याच जुन्या ८०८-९०९ ड्रम मशीनचे आवाज आयते मिळतात आणि ११ फेडर (वर-खाली सरकवायच्या पट्ट्या) समोर असल्याने लाइव्ह वाजवायला सोपं. पण त्यात थेट सॅम्पल रेकॉर्ड होत नाही, एसडी कार्डवरून टाकावे लागतात. टेक्नो लाइव्ह वाजवणाऱ्यांनी ते घ्यावं, घरी बसून ट्रॅक बनवणाऱ्यांनी डिजिटॅक्टच.