जुन्या ट्रकला बसवलेला गिअर-रिडक्शन सेल्फ: हंगामभर वापरल्यानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद वाहणाऱ्या आमच्या सहा सिलिंडरच्या जुन्या ट्रकला दिवाळीच्या सुमारास गिअर-रिडक्शनचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी, आत जोर वाढवणारे गिअर असलेली मोटर, बसवला आणि उन्हाळा लागण्यापूर्वीच त्याच्या पिनियनचे, म्हणजे टोकावरच्या छोट्या दातेरी चाकाचे, दात टोकाकडून झिजले. वॉरंटी मागितली, तेव्हा विक्रेत्याने ‘तुमची रिंग खराब आहे’ एवढेच सांगून हात वर केले. रिंग म्हणजे इंजिनच्या फ्लायव्हीलवरचे (जड चाकावरचे) दातेरी कडे; त्यात पिनियन अडकून इंजिन फिरवते. पिनियन हातात घेऊन पाहण्याची तसदीही त्याने घेतली नाही, याचा मला अजून राग आहे.

पाहिले असते तर त्यालाही दिसले असते की, दातांवरची चकाकी फक्त पुढच्या अर्ध्या भागावर होती आणि मागचा भाग काळपट, कोरा होता. म्हणजे पिनियन रिंगमध्ये अर्धवटच शिरत होते. दातांची संख्या व आकार, २४ व्होल्ट, फिरण्याची दिशा, बोल्टची भोके हे सारे जुळत होते. जुळत नव्हती ती खोली, म्हणजे सेल्फची फ्लँज (बोल्ट लावायची सपाट कड) जिथे टेकते तिथपासून रिंगच्या कडेपर्यंतचे अंतर. आधीच्या मालकाने गिअर बॉक्स बदलताना क्लच हाउसिंगही (क्लचभोवतीचे कवच) दुसऱ्या गाडीचे घातले होते, आणि आमच्या ट्रकचा सेल्फ त्या हाउसिंगवरच बसतो. जुन्या सेल्फचे नाक, म्हणजे पिनियनकडचा पुढचा भाग, लांब असल्यामुळे हा फरक कधी जाणवला नाही.

म्हणून जुन्या गाडीसाठी केवळ मॉडेल सांगून सेल्फ घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. हाउसिंगवरची खोली व्हर्नियरने मोजावी, नव्या सेल्फची फ्लँज ते स्थिर पिनियनचे टोक हे अंतर मोजावे आणि दोहोंतील फरक साधारण ३ ते ५ मिलिमीटर येतो का, हे पैसे देण्याआधी पाहावे. आमच्याकडे तो जवळजवळ दुप्पट होता. वॉशर घालून सेल्फ मागे घेता येतो, पुढे नेता येत नाही. त्यामुळे कुपवाडच्या एमआयडीसीत फ्लँज लेथवर उतरवून घ्यावी लागली आणि नव्या पिनियनचा खर्चही आमच्याच माथी बसला.

त्यानंतर मात्र या सेल्फविषयीचे माझे मत बदलले आहे. आतली मोटर लहान असली तरी ती वेगाने फिरते आणि गिअरमधून तिचा जोर वाढतो, त्यामुळे बॅटरीवरचा ताण कमी झाला असून थंडीतल्या पहाटेही इंजिन पहिल्या दमात उठते. वजनही कमी असल्याने गाडीखाली आडवे पडून तो एकट्याला चढवता येतो.

रिंगबद्दल विक्रेता अगदीच खोटे बोलत नव्हता. सहा सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा त्याच तीन जागांवर थांबते, म्हणून रिंगचे दातही तिथेच खाल्ले जातात. सेल्फच्या भोकातून पाहत फ्लायव्हील हाताने फिरवले, तेव्हा त्यांपैकी एका जागी दात बोथट झालेले दिसले आणि तिथे अधूनमधून अजूनही खर्रकन आवाज येतो. परंतु रिंगसाठी गिअर बॉक्स उतरवावा लागतो आणि ती मजुरी दोनदा भरण्याची माझी तयारी नाही, म्हणून क्लच प्लेट बदलायला येईल तेव्हाच नवी रिंग तापवून चढवणार आहे.