कोलिब्री: रेंज नसलेल्या शाळेत शिकवायला जाणार असाल तर

सुट्टीच्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत जाऊन संगणक आणि इंग्रजी शिकवणाऱ्या गटांना पहिली अडचण ठरलेली असते. शाळेत टॅब असतात, कुठे प्रोजेक्टरही असतो, पण रेंज नसते. कोलिब्री हे मोफत सॉफ्टवेअर अशाच जागांसाठी आहे. 'लर्निंग इक्वॅलिटी' ही अमेरिकेतली ना-नफा संस्था ते तयार करते. २०१२ साली त्यांनी खान अकॅडमीचे व्हिडिओ इंटरनेटशिवाय दाखवणारं 'केए लाइट' काढलं होतं. कोलिब्री हा त्याचा २०१७ साली आलेला पुढचा अवतार. एका संगणकात धडे, गोष्टी आणि सरावाची गणितं साठवायची, त्याला राउटर जोडायचा, आणि मुलांनी टॅबच्या ब्राउझरमधून ते उघडायचं.

सॉफ्टवेअर म्हणून ते मनापासून आवडावं असं आहे. पण ते कोणत्या यंत्रावर बसवायचं आणि इंग्रजीच्या बाबतीत त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, या दोन ठिकाणी गटांचे पैसे आणि वेळ वाया जातात.

आधी यंत्राचं. बहुतेक मार्गदर्शिका रास्पबेरी पाय हा एका पाटीवरचा चिमुकला संगणक घ्यायला सांगतात. छोटा, वीज कमी खाणारा, दिसायलाही छान. खेड्यातल्या शाळेसाठी मात्र आमचं मत जुन्या लॅपटॉपच्या बाजूने आहे. रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीला, म्हणजे 'पाय ४' ला, बंद करायचं बटण नाही, बॅटरी नाही आणि स्वतःचं घड्याळही नाही. लाइट गेली की तो तसाच धाडकन बंद पडतो, आणि असं वारंवार झालं की मेमरी कार्डावरचा डेटा खराब होतो. इंटरनेट नसल्याने पुन्हा सुरू झाल्यावर तारीख मागे राहते, मग मुलांच्या सरावाच्या नोंदी भलत्याच दिवशी पडतात. त्यात कुणीतरी मोबाइलचा साधा चार्जर लावतं. पायला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. कमी पडला की तो मंदावतो किंवा आपोआप रीस्टार्ट होतो. त्याच्या आतल्या वायफायवर तीस टॅब जोडायचा प्रयत्न तर करूच नका. ज्यांच्याकडे पाय आधीच आहे त्यांनी डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल बसवावं आणि वायफायसाठी वेगळा राउटर लावावा.

त्यापेक्षा एखाद्या ऑफिसने काढून टाकलेला, ४ जीबी रॅमचा लॅपटॉप मागून घ्या आणि त्यात २५६ जीबीची एसएसडी टाका. बॅटरी वीस मिनिटं टिकली तरी पुष्कळ, तेवढ्यात नीट बंद करता येतं. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा घ्यावा लागतो, नाहीतर लॅपटॉप चालू आणि वायफाय गायब अशी गत होते. लॅपटॉपवर डेबियन किंवा उबुंटू असेल तर यंत्र सुरू होताच कोलिब्रीही आपोआप सुरू होतं. विंडोज असेल तर तो पर्याय स्वतः निवडावा लागतो, आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्यात, कोलिब्रीला परवानगी द्यावी लागते. 'लॅपटॉपवर उघडतंय पण टॅबवर उघडत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये ही सेटिंगही त्याच दिवशी करून टाका.

आणखी एक काम घरूनच करून जा. राउटरच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, कायमचा बांधून टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.०.५०. मग ब्राउझरमध्ये त्यापुढे :८०८० लिहिलं की कोलिब्री उघडतं, आणि हा पत्ता फळ्याच्या कोपऱ्यात रंगाने लिहून ठेवता येतो. पत्ता बांधला नाही तर कधीतरी राउटर बंद-चालू केल्यावर तो बदलतो, गुरुजींना काही उघडत नाही, आणि तुमच्या पुढच्या फेरीपर्यंत सगळं धूळ खात पडतं.

मोबाइल किंवा सिमवाले टॅब वापरणार असाल तर त्यांचा मोबाइल डेटा बंद करा. या वायफायला इंटरनेट नाही हे कळताच अँड्रॉइड गुपचूप दुसरीकडे वळतो. 'तरीही जोडलेले राहायचे का' असं विचारलं तर 'हो' आणि 'पुन्हा विचारू नका' हे दोन्ही दाबायचं. जुन्या टॅबमधला मूळ ब्राउझर पान कोरंच दाखवतो. क्रोम किंवा फायरफॉक्सची शक्य तितकी नवी आवृत्ती टाकून न्या.

आता धड्यांकडे. कोलिब्रीचा साठा 'चॅनल'मध्ये विभागलेला आहे. सगळंच उतरवण्याचा मोह होतो, पण इंग्रजीतलं खान अकॅडमीचं एक चॅनलच कितीतरी जीबी जागा खातं आणि हजारो फायलींत मुलं हरवतात. चॅनलमधून हवे तेवढेच धडे निवडता येतात, ते निवडा. शहरात चांगल्या इंटरनेटवर लॅपटॉपमध्येच उतरवून घ्या. पेन ड्राइव्हवरूनही नेता येतं, पण फायली असंख्य आणि बारीक असल्याने कॉपी व्हायला तासन्‌तास लागतात.

पडद्यावरची बटणं, सूचना मराठीत दिसतात ही मोठी सोय आहे. आतला मराठी मजकूर मात्र इंग्रजीच्या मानाने फारच थोडा. म्हणून पाचवी-सहावीच्या मुलांसमोर इंग्रजीतले गणिताचे व्हिडिओ लावू नका. अमेरिकन उच्चार आणि नवं गणित असे दोन डोंगर मुलांनी एकदम चढावेत ही अपेक्षा चूक आहे. गणिताचे सराव द्या, त्यांत भाषा कमी असते. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' हे पडद्यावर करायचे प्रयोग सुंदर आहेत, फक्त सात इंची टॅबवर विजेच्या मंडलासारखे प्रयोग बोटाने जुळवणं अवघड जातं. ते प्रोजेक्टरवर घ्या.

इंग्रजीसाठी कोलिब्रीतली सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे 'प्रथम बुक्स' या भारतीय प्रकाशन संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या मोफत डिजिटल ग्रंथालयातली गोष्टींची पुस्तकं. चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीची गोष्ट २५० शब्दांच्या आत, चित्रं मोठी, माणसं आणि गावं आपल्याकडची. सातवीतल्या मुलांनाही पहिल्या पातळीपासूनच सुरुवात करून द्या, त्यात कमीपणा नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे स्पेलिंग पाठ असतं. वाक्य मात्र तोंडातून बाहेर पडत नाही. आणि इथेच कोलिब्रीची मर्यादा येते. ते मुलांचं बोलणं ऐकत नाही, चुकलेला उच्चार सुधारत नाही. ते काम माणसाचंच. दोन तास हातात असतील तर वीस मिनिटं टॅबवर वाचन आणि उरलेला वेळ जोडीजोडीने बोलणं, असं ठेवा. टॅबसमोर बसवून दोन तास काढणारा स्वयंसेवक घरीच राहिला तरी मुलांचं फारसं नुकसान होत नाही.

एक उपाय जरूर करा. 'कोलिब्री स्टुडिओ' या संकेतस्थळावर स्वतःचं चॅनल बनवता येतं. वर्गात रोज लागणारी दहा वाक्यं सावकाश, स्पष्ट, आपल्याच उच्चारात रेकॉर्ड करा आणि एमपी३ करून चढवा. चढवल्यावर 'प्रकाशित करा' दाबायचं राहतं, आणि मग शाळेत जुनंच चॅनल दिसतं. प्रकाशित केल्यावर लॅपटॉपवरही ते चॅनल अद्ययावत करावं लागतं, आणि या दोन्ही गोष्टींना इंटरनेट लागतं, म्हणून निघण्याआधीच करा. ऐकण्यासाठी एका टॅबला दुहेरी जॅक आणि दोन इअरफोन लावा. एका खोलीत पंधरा टॅब मोठ्याने वाजले तर कुणालाच काही कळत नाही.

कळफलक, माउस, फाइल जपून ठेवणं यांतलं कोलिब्री काहीही शिकवत नाही. त्यासाठी संगणकांवर 'जीकॉम्प्रिस' हा मुलांच्या शैक्षणिक खेळांचा संच वेगळा टाका. तोही मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालतो.

द्विशिक्षकी शाळेत कोलिब्रीचा खरा उपयोग स्वयंसेवक निघून गेल्यावर कळतो. बाई तिसरी-चौथीला शिकवत असताना पाचवीची मुलं टॅबवर सराव करू शकतात. त्यासाठी मुलांची खाती आणि वर्ग आधी तयार हवेत. विद्यार्थ्यांना पासवर्ड लागू नये अशी सोय आहे, ती लहानांसाठी वापरा. धडा तयार करून तो 'दृश्य' केला नाही, किंवा मूल खात्याशिवाय पाहुणं म्हणून आत गेलं, तर धडा दिसत नाही आणि पाहुण्याच्या कामाची नोंदही राहत नाही.

सुपर अ‍ॅडमिनचा, म्हणजे कोलिब्रीतले सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मुख्याध्यापकांच्या वहीत लिहून द्या. बदलीच्या हंगामात तो ठाऊक असलेले शिक्षक निघून जातात, आणि मग कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, नवा सुपर अ‍ॅडमिन तयार करण्यावाचून मार्ग उरत नाही. प्रत्येक फेरीत कोलिब्रीच्या डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. निघण्यापूर्वी शिक्षकांच्या पानावर चाचणीचा निकाल उघडा. कोणता प्रश्न किती मुलांचा चुकला ते तिथे दिसतं. पुढच्या फेरीचा पहिला तास त्याच प्रश्नांवर घ्या.