गावातली शाळा की लांबची सरकारी?

अफगाणिस्तानच्या खेड्यांत मुलगी शिकणार की नाही, हे बऱ्याचदा अंतरच ठरवतं. सरकारी शाळेत इयत्तावार वर्ग असतात, पण वाट डोंगरातली आणि आईबाप धास्तावलेले. गावशाळा म्हणजे मशिदीतली किंवा कुणाच्या घरातली एखादी खोली. शिकवणारी व्यक्ती बहुधा ओळखीची. घोर प्रांतातल्या ३१ गावांत २००७ साली याची रीतसर चाचणी झाली. गावातच शाळा आल्यावर मुलींची पटनोंदणी ५२ टक्के-बिंदूंनी वाढली, मुलगा-मुलगी तफावत जवळपास मिटली! लहान मुलींसाठी माझं मत ठामपणे गावशाळेलाच. मात्र ती बहुतेकदा देणगीवर चालते. निधी आटला की वर्ग बंद. आणि सहावीनंतर? २०२१ पासून तालिबानने सरकारी माध्यमिक शाळांची दारंही मुलींना बंद केली आहेत.