मदतीचं जेवण की क्रिकेटचा चषक? दुकानदारानं वीस हजार कुठे द्यावेत

मालवणात माझं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे. तुळशीची लग्नं उरकली की मैदानांवर रोलर फिरायला लागतो आणि माझ्या काउंटरवर पावतीपुस्तकं यायला लागतात. कुणाला अंडरआर्म क्रिकेटसाठी दुसरं बक्षीस हवं असतं. कुणी एखाद्याच्या ऑपरेशनसाठी नाहीतर शाळेसाठी कूपनं विकून मदतीचं जेवण ठेवलेलं असतं, त्यांना शंभर ताटांचा खर्च उचलणारा हवा असतो. शेजारी मोबाईलचं नवीन दुकान घातलेल्या मुलानं परवा विचारलं, "काका, वर्षाचे वीस हजार बाजूला काढलेत. खंय देव?" म्हणजे कुठे देऊ? त्याच्याशी जे बोललो तेच जरा सविस्तर लिहितो.

आधी मैदान. तिथे बॅनरवर पैसे घालवू नका. सीमारेषेला ओळीनं तीस बॅनर असतात, त्यात तुमचा एकतिसावा. खारा वारा तिसऱ्या दिवशी त्याचं शीड करतो. खरा माल आहे कॉमेंट्री. आमच्याकडचा माईकवाला दर षटकाराला एकेका पुरस्कर्त्याचं नाव गुंफतो. चेंडू तुमच्या दुकानाच्या दारात पडला, चला, काच लावून घ्या, असं काहीबाही. लोक हसतात आणि नाव डोक्यात राहतं. आता सामने यूट्यूबवर लाईव्ह जातात, त्यामुळे मुंबईजवळ दिवा-विरारच्या खोलीत बसलेला चाकरमानीही ते ऐकतो. मे महिन्यात घराला रंग काढायला तोच येतो. एकदा सामन्याच्या दुसऱ्या दिवशी एक खलाशी दुकानात येऊन म्हणाला, "शेटनू, काल तुमचा नाव माईकवर आयकलंय." बॅनर बघितला असं आजवर मला कुणी सांगितलेलं नाही.

बक्षिसाच्या रकमेपेक्षा टी-शर्ट द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. चषक जिंकणाऱ्याच्या घरी कपाटावर जातो. टी-शर्ट मात्र दोन-दोन वर्षं अंगावर असतो. आमचा एक रंगारी परांचीवर चढून तिसऱ्या मजल्याला प्रायमर मारतो तेव्हा त्याच्या पाठीवर माझ्या दुकानाचं नाव असतं. खाली उभा असलेला घरमालक ते तासभर वाचत असतो. गवंडी, प्लंबर, रंगारी ही माझी निम्मी गिऱ्हाइकं, आणि रविवारी ती सगळी मैदानात असतात. पुस्तकांचं किंवा औषधांचं दुकान असतं तर हा हिशेब लागू झाला नसता.

मैदानाचा धोका वेळेचा. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा देशभरचा नियम आहे. एका स्पर्धेत मी दुसरं बक्षीस दिलं होतं. उपांत्य सामना रंगात आला तेव्हा साडेदहा झाले होते. पोलीस आले, माईक गेला. बक्षीस समारंभ मध्यरात्रीनंतर मोबाईलच्या उजेडात झाला आणि माझं नाव कुणी घेतलंच नाही. आता मी आधी विचारतो की अंतिम सामना किती वाजता आणि दिवसा की प्रकाशझोतात.

जेवणाचं गणित वेगळं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमच्या वाडीतल्या शाळेचे पत्रे उडाले. पुढल्या वर्षी डिसेंबरात शाळेसाठी जेवण ठेवलं. वडे-कोंबडी, शाकाहाऱ्यांना काळ्या वाटाण्याचं सांबारं, भात, सोलकढी. दिवस रविवारचाच धरला होता, पण कॅलेंडरवरची तिथी कुणी पाहिली नाही. संकष्टी निघाली. निम्मे लोक चंद्रोदयापर्यंत थांबले, मग वाटाण्यावर तुटून पडले. सांबारं संपलं आणि कोंबडीचा टोप तसाच. रात्री अकरा वाजता आम्ही वाडीभर डबे पोचवत होतो. मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी, एकादशी आणि श्रावण टाळल्याशिवाय कोकणात सामिष जेवणाला एक रुपया देऊ नका.

तरी त्या जेवणानं मला जे दिलं ते क्रिकेटनं दिलं नाही. पंगतीला शिक्षक होते, पतसंस्थेची माणसं होती आणि मुख्य म्हणजे बायका होत्या. घराला काय लावायचं ते शेवटी त्याच ठरवतात. दोन महिन्यांनी एक आजी आली, काउंटरवर पिशवी ठेवली आणि म्हणाली, "शाळेचे पत्रे तुमीच दिल्यात मां? तसलेच व्हये." भाव विचारला नाही. मैदानावर माझं नाव ऐकलेला पोरगा मात्र एका नळावर दहा रुपयांसाठी घासाघीस करतो.

पैसे किती पोचतात तेही बघा. समजा ₹३०० ची ३०० कूपनं खपली आणि ताटामागे ₹१८० खर्च आला, तर ₹९०,००० जमून हाती ₹३६,००० उरतात. खर्चातले वीस हजार तुम्ही उचललेत तर शाळेला ₹५६,००० मिळतील. तेच वीस हजार चेकनं थेट शाळेला दिलेत तरी आकडा तेवढाच. फरक आहे तो तुमच्या पावतीत. आयकरात देणगीची वजावट (८०-जी म्हणतात ती) मिळते ती पैशाच्या देणगीवर. तांदळाच्या गोणी किंवा पत्रे दिलेत तर नाही. ₹२,००० च्या वर रोख दिलेत तरी नाही. संस्था ८०-जीची नोंदणीकृत असावी लागते. बहुतेक संस्थांच्या बाबतीत अर्धीच रक्कम वजा होते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. नवीन करपद्धती घेतली असेल तर तेवढीही नाही.

क्रिकेटचे पैसे जाहिरात खर्चात बसतात आणि ते दोन्ही करपद्धतींत चालतं. मंडळानं दुकानाच्या नावानं पावती दिली पाहिजे आणि एका दिवसात एकाला ₹१०,००० च्या वर रोख देऊ नये, एवढं पाळायचं. पण आपल्यातले बरेच जण उलाढालीवर ठोक ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवून मोकळे होतात. त्यांना वेगळा खर्च मांडताच येत नाही. करासाठी देतोय असं म्हणणारा छोटा दुकानदार बहुतेक वेळा स्वतःची समजूत घालत असतो. आणखी एक, नोंदणी नसलेलं मंडळ वर्गणी गोळा करत असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी विचारा. चांगली मंडळं कागद लगेच दाखवतात.

या दोहोंच्या मधलेही काही कार्यक्रम आहेत. चिवला बीचवर डिसेंबरात समुद्रातल्या पोहण्याची मोठी स्पर्धा भरते. बाहेरगावचे पालक मुक्कामाला येतात. लॉज, खानावळ किंवा स्कूबावाला असाल तर पैसे तिथे घाला, हार्डवेअरवाल्यानं नुसतं बघायला जावं. नारळी पौर्णिमेला बंदरावर बायकांची नारळ लढवण्याची स्पर्धा होते. साडीच्या किंवा भांड्यांच्या दुकानाला याहून स्वस्त आणि नेमकी जागा मला तरी माहीत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पाऊसही सुरू. खलाशी मोकळे असतात पण हातात पैसा नसतो, त्यामुळे त्या दोन महिन्यांत मी काहीच देत नाही.

मी स्वतः आता टी-शर्टांना बारा हजार आणि शाळेला आठ हजार देतो. शाळेचे चेकनं, आणि जेवणाला कूपन विकत घेऊन पंगतीत बसतो. यजमान म्हणून हार घालून घेतला तर लोक नमस्कार करून पुढे सरकतात. शेजारी बसून सोलकढी मागितली तर बोलायला लागतात.

शेजारच्या मुलाची गिऱ्हाइकं पंचविशीच्या आतली. त्याला म्हटलं, यंदा सगळे मैदानात घाल, जेवणाचं पुढल्या वर्षी बघू. त्यानं लगेच पांढऱ्या टी-शर्टचा नमुना दाखवला. म्हटलं, गडद घे रे, आपल्या तांबड्या मातीत पांढरा दोन मॅचसुद्धा टिकत नाही.