सेफ्टी, लाइनबॅकर की एज रशर: अष्टपैलू बचावपटूला कुठे खेळवावे?

सहा फूट चार इंच उंचीचा, शंभर किलोच्या पुढचा, रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) बरोबरीने धावणारा आणि रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) जागच्या जागी पाडणारा खेळाडू हाती आला की प्रशिक्षकांना त्याला सगळीकडे खेळवण्याचा मोह होतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये या मोहाने चांगल्या खेळाडूंचे नुकसान केले आहे. अशा खेळाडूला आधी एकच हक्काची जागा द्यावी आणि ती पक्की झाल्यावरच त्याला इतरत्र फिरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ती जागा कोणती, एवढाच खरा प्रश्न उरतो. पर्याय तीन: सर्वांत मागे राखण करणारा सेफ्टी, मधल्या फळीतला लाइनबॅकर आणि कडेवरून क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्यावर) धावून जाणारा एज रशर.

आयझेया सिमन्सचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे. क्लेमसन विद्यापीठात तो सेफ्टी म्हणून आला, पुढे लाइनबॅकर झाला आणि २०१९ च्या हंगामात तेथील बचाव प्रशिक्षक ब्रेंट व्हेनेबल्स यांनी त्याला सेफ्टी, स्लॉट (आतल्या रिसीव्हरसमोरची जागा), लाइनबॅकर आणि बाहेरची कड अशा सर्व ठिकाणी वापरले. शंभराहून अधिक टॅकल (चेंडूधारकाला पाडणे) आणि तीन इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचा पास झेलणे) करून त्याने त्या वर्षी सर्वोत्तम लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार मिळवला. १०८ किलो वजन असूनही त्याने ४० यार्ड ४.३९ सेकंदांत पार केले, तेव्हा २०२० च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत) ॲरिझोना कार्डिनल्सने त्याला आठव्या क्रमांकावर निवडले यात नवल नव्हते. तेथे त्याला प्रथम मधला लाइनबॅकर केले, नंतर त्याची कामे बदलत राहिली, २०२३ मध्ये नव्या प्रशिक्षकांनी पुन्हा सेफ्टीकडे वळवले आणि त्याच ऑगस्टमध्ये सातव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात तो न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला. त्याची गुणवत्ता कमी होती असे मला वाटत नाही. कोणत्याही एका जागेची सवय अंगात मुरण्याइतका वेळ त्याला मिळाला नाही.

मधला लाइनबॅकर ही तिन्हींतली सर्वांत फसवी जागा आहे. मैदानाच्या मध्यावर असल्यामुळे अष्टपैलू खेळाडूला ती शोभेल असे वाटते, पण तेथे वेगाआधी वाचन लागते. चेंडू स्नॅप होताच (डाव सुरू करण्यासाठी मागे दिला जाताच) समोरचा गार्ड, म्हणजे वाट मोकळी करणारा आक्रमक खेळाडू, आडवा सरकतो, क्वार्टरबॅक रनिंग बॅकच्या पोटाशी चेंडू नेतो आणि त्याच क्षणी टाइट एंड (अडवणाराही आणि पास झेलणाराही खेळाडू) लाइनबॅकरच्या खांद्याजवळून मागे निसटतो. लाइनबॅकर धावेच्या दिशेने एक पाऊल जरी पुढे गेला, तरी त्याच्या पाठीमागे पाससाठी जागा मोकळी होते, आणि जो थबकतो त्याच्यापर्यंत गार्ड पोहोचलेला असतो. अर्ध्या सेकंदात हा निवाडा करायला त्याच जागेवरचे अनेक हंगाम लागतात. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात बाहेरच्या बाजूला खेळलेला फ्रेड वॉर्नर सॅन फ्रान्सिस्कोत मधला लाइनबॅकर म्हणून चमकला, हे खरे. परंतु त्या शहराच्या फोर्टी नायनर्स संघाने २०१८ पासून त्याला तेथून हलवले नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

एज रशरचे काम त्यामानाने थेट असते: समोरच्या टॅकलला (येथे हे आक्रमक फळीच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या खेळाडूचे नाव) हरवायचे आणि क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचायचे. मायका पार्सन्सला २०२१ मध्ये डॅलस काउबॉईजने लाइनबॅकर म्हणून घेतले होते. दुसऱ्याच सामन्यात कडेचे नेहमीचे खेळाडू उपलब्ध नसल्याने संघाचे बचाव प्रशिक्षक डॅन क्विन यांनी त्याला पुढे उभे केले आणि त्या पदार्पणाच्या हंगामात त्याने १३ सॅक (चेंडू हाती असलेल्या क्वार्टरबॅकला पाडणे) घेतले. त्याचा पहिल्या पावलाचा स्फोट मधल्या गर्दीत वाया गेला असता. मात्र या जागेवर नुसता वेग पुरत नाही. टॅकलचे हात छातीवर बसण्याआधी ते झटकता आले पाहिजेत, आणि धावेच्या डावात १४० किलोच्या माणसासमोर पाय रोवून उभे राहता आले पाहिजे. ज्याला हे जमत नाही, त्याला केवळ लांबरुंद आहे म्हणून कडेवर उभे करणे अन्यायाचे होईल.

सेफ्टी ही जागा मला अशा खेळाडूसाठी सर्वांत सुरक्षित वाटते. खेळ त्याच्या डोळ्यांसमोर उलगडतो आणि वाचनाला क्षणभर जास्त वेळ मिळतो. बॉल्टिमोरचा काइल हॅमिल्टन ४० यार्डांच्या चाचणीत ४.५९ सेकंदांवर थांबला होता, म्हणजे सिमन्सपेक्षा स्पष्टपणे मंद. तरीही २०२३ मध्ये तो ऑल-प्रोच्या (वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या) पहिल्या संघात होता आणि त्याच वर्षी कोल्ट्स संघाविरुद्ध त्याने एका सामन्यात तीन सॅक घेतले. आज बहुतेक डावांत पाच बचावपटू मागे असतात, त्यामुळे सेफ्टीला स्लॉटमध्ये आणणे किंवा ब्लिट्झसाठी (क्वार्टरबॅकवरच्या जादा हल्ल्यासाठी) पाठवणे हा रोजचाच भाग झाला आहे. अष्टपैलुत्वाला येथे वाव मिळतो आणि मूळ काम बदलत नाही.

मोबदल्याचा विचार करणाऱ्यांसाठी २०२५ मधील करार पुरेसे स्पष्ट आहेत: वर्षाला सरासरी वॉर्नरला सुमारे २.१ कोटी डॉलर, हॅमिल्टनला २.५ कोटी, तर ग्रीन बेला गेलेल्या पार्सन्सला ४.७ कोटी. पण पैशाकडे पाहून जागा निवडणे शाळकरी वयात घातक आहे, कारण सतराव्या वर्षीचे वजन विसाव्या वर्षी टिकत नाही.

अमेरिकेत मुलाला हायस्कूलच्या संघात घालणाऱ्या मराठी पालकांनी प्रशिक्षकांकडे एक मागणी जरूर करावी. सरावात मुलाला टॅकलसमोर एकास एक असे वारंवार उभे करून पाहावे. तो पहिल्या दोन पावलांत सातत्याने जिंकत असेल, तर कड हीच त्याची जागा. नसेल, तर त्याला सेफ्टी करावे आणि निदान दोन हंगाम तेथेच ठेवावे. मधला लाइनबॅकर मात्र तेव्हाच, जेव्हा तो चित्रफीत पाहताना स्नॅपआधीच डाव ओळखून सांगू लागेल.